एक तरी आपले माणूस

भुसार बाजारातील कोणत्याही जुन्या पेढीवर असे दोन तरुण सापडतात. दोघांचे वय अठरा-एकोणीस. दोघांचे वडील त्याच यार्डात हमाली करणारे, दोघांच्या आया चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, दोघांच्या खोल्या एकाच वस्तीतल्या. शाळाही एकच आणि तीही दहावीच्या आसपास सुटलेली. त्यांपैकी एक सकाळी वेळेवर येतो, चूक झाली तर आपण होऊन सांगतो, दिवाणजींकडून खतावणी समजावून घेतो आणि बाहेरून बारावीची परीक्षा देण्याचा विचार करतो. दुसरा हुशारीत कमी नसतो; परंतु एखादा शब्द वर्मी लागला की हातातले काम टाकून निघून जातो, महिन्याभरात दुसऱ्या दुकानी लागतो आणि तेथेही टिकत नाही. रात्र रात्र त्याला झोप लागत नाही, हे मात्र कोणाला ठाऊक नसते. पेढीवर निकाल दिला जातो तो एका शब्दात. पहिल्याला संस्कार मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत.

हा निकाल अगदीच खोटा नाही. परंतु तो अपुरा आहे. संस्कार म्हणून जे काही म्हटले जाते ते कोणत्या वयात, कोणाकडून आणि कशाने मिळते, हे तो सांगत नाही. एकाच गरिबीतून निघालेली दोन मुले इतकी वेगळी का होतात, या प्रश्नाचा शोध प्रशांत महासागरातील एका लहान बेटावर सुमारे चाळीस वर्षे घेतला गेला. तेथे जे आढळले ते ज्यांच्या पदरी माणसे कामाला आहेत अशा प्रत्येक घराने जाणून घ्यावे असे आहे.

हवाई द्वीपसमूहातील कवाई हे ते बेट. ऊस आणि अननसाच्या मळ्यांत राबण्यासाठी जपान, फिलिपाइन्स, पोर्तुगाल अशा दूरच्या देशांतून आलेल्या मजुरांची मुले-नातवंडे आणि मूळचे हवाईयन लोक तेथे राहत. १९५५ साली या बेटावर जन्मलेल्या सर्व म्हणजे ६९८ बालकांची नोंद संशोधकांनी ठेवली. एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या दोन मानसशास्त्रज्ञ विदुषींनी या मुलांचा पाठपुरावा पहिल्या, दुसऱ्या, दहाव्या, अठराव्या, बत्तिसाव्या आणि चाळिसाव्या वर्षी केला. मुले वाढली, शिकली, कामाला लागली, त्यांचे संसार झाले. आणि हे सर्व टप्प्याटप्प्याने नोंदले गेले.

या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मतःच कठीण परिस्थिती आली होती. घरची गरिबी, जन्माच्या वेळचा त्रास, आईचे अपुरे शिक्षण, घरातील कलह, वडिलांची दारू किंवा पालकांपैकी एखाद्याचा मानसिक आजार, असे अनेक आघात दोन वर्षांचे होण्याच्या आतच त्यांच्यावर एकत्र झाले होते. यांपैकी दर तीन मुलांतील दोघांची वाट पुढे बिकट झाली. कोणी दहा वर्षांच्या आत शिकण्यात वा वागण्यात मागे पडले, कोणी अठराव्या वर्षापर्यंत पोलिसांच्या नोंदीत गेले, कोणाला मनाच्या आजाराने गाठले. तिसरे मूल मात्र तसे झाले नाही. अशी ७२ मुले त्याच दारिद्र्यातून, त्याच कलहातून वर आली आणि आत्मविश्वास असलेली, कामात तरबेज, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. चाळिशीत पाहिले तेव्हा त्यांच्यापैकी एकही जण बेकार नव्हता आणि एकावरही गुन्ह्याचा ठपका नव्हता.

या ७२ जणांजवळ असे काय होते, हाच खरा प्रश्न. काहींचा स्वभावच जन्मतः हसरा आणि माणसे जोडणारा होता, ही गोष्ट संशोधकांनी मोकळेपणाने नोंदवली आहे. परंतु त्यांच्या बालपणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. अगदी लहान वयात त्यांना निदान एक तरी स्थिर चित्ताचे माणूस लाभले होते, जे त्यांच्या रडण्या-हसण्याकडे लक्ष देत असे आणि सोडून जात नसे. हे माणूस दर वेळी आईच होते असे नाही. आजी होती, आजोबा होते, मावशी, काका, कधी मोठे भावंड होते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात या मुलांची आपल्या सांभाळ करणाऱ्या माणसापासून दीर्घ ताटातूट फारशी झालेली नव्हती. घरात पैसा नव्हता, पुष्कळदा शांतताही नव्हती. पण हाक मारली तर ओ देणारे कोणी तरी होते.

‘ओ देणे’ ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. तान्हे बाळ रडते, हुंकारते, बोट दाखवते. समोरचे माणूस उचलून घेते, बोलते, हसते. दिवसातून शेकडो वेळा घडणाऱ्या या देवघेवीतून बाळाच्या मेंदूची घडण होत असते. दोन वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो, यावरून या काळाचे मोल ध्यानात यावे. आपण हाक मारली की जग उत्तर देते, हा विश्वास शब्द येण्याच्या आधीच बाळाच्या अंगी मुरतो. भय, भूक वा दुखणे आले की शरीरात ताणाची द्रव्ये वाढतात. कोणी जवळ घेतले की ती उतरतात. अशा रीतीने शांत होण्याची सवय शरीराला लागते. ज्या बाळाला वारंवार कोणी जवळ घेतच नाही, त्याचे शरीर सदैव सावध राहायला शिकते. तेच मूल अठराव्या वर्षी साध्या बोलण्याला अपमान समजते, रात्री जागते आणि कोणावर विसंबून राहू शकत नाही. बाजारात ज्याला ‘डोक्याने गरम’ म्हणतात, तो पुष्कळदा लहानपणी एकटा पडलेला असतो.

इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हा मुद्दा जगापुढे ठेवला. महायुद्धाने निराधार झालेली मुले तेव्हा युरोपभर होती. मुलाला अन्न आणि निवारा जितका लागतो, तितकेच एका माणसाशी जडलेले उबदार आणि अखंड नातेही लागते, असे प्रतिपादन त्यांनी केले. या विचाराचा पुढे एक विपर्यास मात्र झाला. मुलाचे काही बिघडले की सारा दोष आईच्या माथी मारण्याची रीत पडली. कवाईच्या मुलांनी ती खोटी ठरवली. कारण तेथे पुष्कळ मुलांना सावरले ते आजीने आणि मावशीने.

गरीब आईचे प्रेम कमी असते, असे कोणी समजू नये. तिच्याजवळ कमी असते ती सवड, झोप आणि धीर. त्यांची जोड दिली तर काय घडते, हे जमैका देशाच्या किंग्स्टन शहरातील एका प्रयोगाने दाखवले. १९८६-८७ मध्ये तेथील गरीब वस्त्यांतील, कुपोषणाने वाढ खुंटलेली १२९ लहान मुले निवडण्यात आली. वये ९ ते २४ महिने. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांना पूरक दूध-आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासाभरासाठी आरोग्यसेविका पाठवली. काहींना दोन्ही दिले, तर काहींना यांपैकी काहीच दिले नाही. ही सेविका डॉक्टर नव्हती की शिक्षिका नव्हती. टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन ती येई, आईसमवेत बाळाशी खेळे, बोलावे कसे, दाखवावे कसे, शाबासकी द्यावी कशी, हे आईलाच करायला लावी. मुलावर नव्हे, तर आई आणि मूल यांच्या नात्यावर तिचे लक्ष असे. दोन वर्षे हा क्रम चालला आणि थांबला.

सतरा-अठराव्या वर्षी ही मुले पुन्हा पाहिली तेव्हा भेटी मिळालेल्या मुलांत चिंता आणि निराशा कमी आढळली व स्वतःविषयीचा आदर अधिक. वयाच्या बाविशीत त्यांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. ज्यांची वाढ कधी खुंटलीच नव्हती अशा मुलांच्या बरोबरीला ती पोहोचली होती. केवळ पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा टिकाऊ लाभ दिसला नाही. अन्न हवेच, त्याविना काहीच नाही. परंतु अन्नासोबत माणूसही हवे. आठवड्याचा एक तास, दोन वर्षे, एवढ्या भांडवलावर वीस वर्षांनी मिळालेला हा परतावा हिशेबाची सवय असलेल्या कोणालाही विचार करायला लावील.

ही दृष्टी महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचा पाया हाच होता. वस्तीतील गरीब मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. खेळणी दुकानातली नव्हती. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने झाली. सात-आठ वर्षांच्या मुली शाळेत का येत नाहीत, याचे कारण त्यांच्या कडेवर होते. आई मजुरीला गेली की तान्ह्या भावंडाचा सांभाळ त्यांच्याकडे असे. म्हणून कोसबाडच्या ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली गेली. धाकट्याला सांभाळणारे जाणते माणूस मिळाले आणि थोरलीला शाळा मिळाली. बालविवाह आणि पाठोपाठ वैधव्य सोसलेल्या अनुताईंनी आपले सारे आयुष्य या परक्या मुलांत घातले.

ती थोरली बहीण आजही शहरात सापडते. व्यापारी घरांच्या मागच्या दाराशी थोडा वेळ थांबले तर तिची गोष्ट ऐकू येते. सकाळी सात वाजता ताई कामाला येते. घरातल्या नातवाला ती न्हाऊ घालते, भरवते, गोष्ट सांगत निजवते. तो तिला इतका लळा लावतो की ती एक दिवस आली नाही तर जेवत नाही. त्याची आई दुकानी किंवा कार्यालयात निश्चिंत असते ती या ताईच्या भरवशावर. या ताईलाही घरी आठ महिन्यांचे बाळ असते. ते कधी शेजारणीकडे, कधी आठ वर्षांच्या बहिणीकडे, कधी खोलीला कडी लावून झोपवलेले. या घरातल्या बाळाला जे ‘एक माणूस’ मिळाले आहे, ते त्या घरातल्या बाळाजवळून उठून आलेले आहे. मालकीणबाई वाईट नसतात. सणाला साडी देतात, आजारपणात औषधाचे पैसे देतात. पण “तुझे बाळ दिवसभर कोणाजवळ असते?” हा प्रश्न पुष्कळ घरांत कधी विचारलाच जात नाही. हेच बाळ अठरा वर्षांनी एखाद्या पेढीवर कामाला येते, आणि तेव्हा त्याला संस्कार नाहीत असे म्हटले जाते.

कायदा येथे थोडाच पुढे येतो. २०१७ सालच्या दुरुस्तीने पगारी मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली. चार घरची कामे करणारी ताई मात्र या कक्षेत बसत नाही. दहापेक्षा कमी माणसांचे दुकानही बसत नाही. तेथे कायद्याच्या जागी घराचा विवेकच उरतो. बाळंतपणानंतर काही महिने पगार चालू ठेवून तिची जागा राखणे, परतल्यावर बाळाला सोबत आणण्याची मोकळीक देणे, त्याच्यासाठी घरात एक स्वच्छ, वाऱ्याचा कोपरा आणि आईला पाजण्याची वेळ देणे, कामाचे तास ठरलेले ठेवणे, पाहुणे आले म्हणून तिला रात्रीपर्यंत न थांबवणे, यांतले काहीच फार खर्चाचे नाही. बांधकामाच्या व्यवसायात असलेल्यांना तर वाट दाखवणारे उदाहरण आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघर सुरू केले आणि त्यातून उभी राहिलेली ‘मोबाइल क्रेश’ची कल्पना पुढे मुंबई-पुण्यातही रुजली. इमारत जेथे उभी राहते तेथे एक पत्र्याची खोली, पाणी, खाऊ आणि रोज तीच असणारी एक ताई, एवढ्यावर ते चालते.

मग ज्या तरुणाच्या बालपणात असे कोणीच नव्हते, त्याचे काय? आता वेळ गेली, असे म्हणून त्याला सोडून द्यावे काय? कवाईच्या नोंदी याचेही उत्तर देतात आणि ते आश्वासक आहे. किशोरवयात घसरलेल्या मुलांपैकी अनेक जण तिशीत सावरलेले आढळले. कोणाला पुन्हा शिकण्याची संधी मिळाली, कोणाला समजूतदार जोडीदार मिळाला, कोणाला धर्मसमाजाचा आधार मिळाला, कोणाला एखादे शिक्षक भेटले. आरंभीची वर्षे सर्वांत मोलाची आहेत. पण दार तेथे कायमचे बंद होत नाही. पुढे माणूस मिळाले तर पुष्कळ काही भरून येते, मात्र त्यासाठी वेळ आणि सहनशीलता जास्त लागते.

साताऱ्याने हे पाहिले आहे. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली तेथे वसतिगृह उघडले आणि खेड्यापाड्यांतील नाना जातिधर्मांची गरीब मुले एका पंगतीत जेवू लागली. शाळा काढणारे त्या काळी इतरही होते. परंतु त्या मुलांना घर दिले ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या, तेव्हा ती मुले पोरकी झाली. ‘रयत’ची कीर्ती सांगताना शाळांची संख्या सांगितली जाते. त्या संख्येच्या मुळाशी, आलेल्या मुलाला आपले म्हणणारी एक बाई होती, याचा विसर पडू नये.

पेढीवरच्या त्या दुसऱ्या तरुणालाही हेच लागू आहे. त्याला उपदेश पुष्कळ मिळालेला असतो. त्याला न मिळालेली गोष्ट म्हणजे चूक केल्यावरही दुसऱ्या दिवशी तसेच बोलणारे माणूस. चारचौघांत न खडसावता बाजूला घेऊन सांगणारे एखादे दिवाणजी, नाव घेऊन हाक मारणारे शेठजी, “जेवलास का?” म्हणून रोज विचारणाऱ्या घरच्या बाई, यांनी हे काम होते. तो एकदा निघून जाईल, कदाचित दोनदाही जाईल. कारण माणसे टिकत नाहीत हेच तो शिकला आहे. तो परत आला तेव्हा दार उघडे असणे, हा त्याच्यासाठी नवा धडा असतो. प्रत्येक वेळी यश येईलच असे नाही. पण व्यापारात तरी प्रत्येक उधारी कोठे वसूल होते?

दानाची परंपरा या समाजात मोठी आहे. शाळेच्या खोल्या, वसतिगृहे, पाणपोया, दवाखाने यांवर कित्येक घराण्यांची नावे कोरलेली आहेत. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी पहिल्या तिन्हींसाठी रकमा सहज निघतात. अभयदानाचा विचार बहुधा मुक्या प्राण्यांच्या संदर्भात होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु अंधारात एकटे रडणाऱ्या बाळाला जवळ घेणारे माणूस मिळणे, हेही भयातून सुटणेच आहे. त्यासाठी वास्तू लागत नाही. माणसाचा पगार लागतो, आणि तो एका वर्षाचा नव्हे, पाच-दहा वर्षांचा लागतो. वह्या वाटल्या की छायाचित्र निघते. वस्तीतल्या पाळणाघराच्या ताईचा पगार दरमहा भरला तर कोनशिला बसत नाही. पण दहा-पंधरा बाळांना रोज तोच चेहरा दिसतो, तोच हात ओळखीचा होतो. ती ताई वर्षा-दोन वर्षांनी बदलू नये, एवढ्यासाठी दिलेला पैसा कमी मोलाचा नाही.

येत्या चातुर्मासात घरोघरी दानाच्या याद्या होतील. त्या यादीला हात घालण्यापूर्वी घरात, दुकानात आणि वखारीत काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला आणि पुरुषाला एवढे विचारता येईल, की लहान मूल आहे का, आणि ते दिवसभर कोणाजवळ असते. उत्तर ऐकल्यावर काय करायचे, हे बहुतेक घरांना सांगावे लागणार नाही.